सुट्टीतले तास आणि चुकांची वही

माझ्याकडे एक जाड वही आहे. पेपर तपासताना मुलं ज्या चुका पुन्हा पुन्हा करतात त्या मी तिच्यात लिहून ठेवते. ५२ वजा ३८ बरोबर २६, कारण एककाच्या घरात आठातून दोन वजा केले. १/२ अधिक १/३ बरोबर २/५. ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, कारण पंचवीस तीनपेक्षा मोठे. ही वही मी वर्गासाठी सुरू केली होती. पण गेल्या काही वर्षांत सुट्टीत माझ्या हाती पगाराशिवाय जो काही पैसा आला, त्यातला बराचसा या वहीच्या जोरावर आला. म्हणून सुट्टीतल्या कमाईबद्दल लिहायचं तर सुरुवात तिच्यापासूनच करते.

गणित शिकवायला लागून मला १७ वर्षं झाली. पहिली नोकरी दहा महिन्यांच्या करारावर होती. परीक्षा संपली, निकाल लागला की पगार थांबायचा तो थेट शाळा उघडल्यावर सुरू व्हायचा. ते दोन महिने किती लांब वाटतात ते ज्यांनी काढलेत त्यांनाच ठाऊक. त्या पहिल्या सुट्टीत घाबरून मी दिसेल त्या कामाला हात घातला. घरबसल्या टायपिंगचं एक काम होतं, त्यासाठी आधी अनामत रक्कम भरायची होती. ती भरली. काम आलं नाही, रक्कमही परत आली नाही. तेव्हापासून माझा एक नियम पक्का आहे: जो काम देतो तो पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, ओळखपत्र, कशाच्याही नावाखाली पैसे मागितले की तिथून उठायचं.

मग मोबाइल उभा करून गणिताचे व्हिडिओ केले, २२ व्हिडिओ. मेहनत खूप घेतली. करण्याआधी साधा हिशोब मात्र केला नव्हता. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितले गेलेले व्हिडिओ लागतात (छोट्या शॉर्ट्‌सची अट वेगळी आहे). माझा व्हिडिओ सहा मिनिटांचा. म्हणजे कुणी तो पूर्ण पाहिला तर दहा जणांचा मिळून एक तास होतो, आणि ४,००० तासांसाठी ४०,००० वेळा तो शेवटपर्यंत पाहिला जायला हवा. बहुतेक लोक अर्ध्यातच थांबतात, म्हणजे आकडा आणखी वर जातो. व्हिडिओ करू नका असं मी म्हणत नाही. दोन-तीन वर्षं सातत्याने करणाऱ्यांना त्याचं फळ मिळतं. पण ज्याला याच सुट्टीत पैसे हवेत त्याने त्यावर विसंबू नये.

खरी वाट सापडली ती प्रश्न तयार करण्याच्या कामात. सराव परीक्षा आणि अभ्यासाची ॲप्स बनवणाऱ्या एका संस्थेला दशांश अपूर्णांकांवर २०० बहुपर्यायी प्रश्न हवे होते. मला वाटलं, हे तर आपलं रोजचंच. पहिले ५० पाठवले आणि त्यातले निम्म्याहून जास्त परत आले. उत्तरं सगळी बरोबर होती. चुकीचे पर्याय कामाचे नव्हते.

त्यातला एक प्रश्न मला अजून आठवतो. सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.३, ०.२५, ०.१२५, ०.२०९? उत्तर ०.३. तपासणाऱ्या बाईंनी शेजारी लिहिलं होतं, ‘ज्याला दशांश कळलेलाच नाही त्याचंही हे बरोबर येईल.’ मी दोनदा वाचलं, मग लक्षात आलं. काही मुलं समजतात की दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या मोठी. ती ०.२०९ निवडतील आणि पकडली जातील. पण काही मुलांचा समज अगदी उलटा असतो: शतांश, सहस्रांश हे लहान तुकडे, म्हणून जितके कमी अंक तितकी संख्या मोठी. ती ०.३ निवडणार आणि चुकीच्या वाटेने जाऊन पूर्ण गुण मिळवणार. मग मी पर्याय बदलले: ०.४, ०.७३, ०.६८५, ०.५९१२. आता पहिल्या समजाचं मूल ०.५९१२ वर जातं, दुसऱ्या समजाचं ०.४ वर, आणि बरोबर उत्तर ०.७३ मधोमध सुरक्षित राहतं.

त्या दिवशी मी वही काढली आणि प्रत्येक चुकीचा पर्याय तिच्यातून उचलायला लागले. पुढचे प्रश्न क्वचितच परत आले. गणित माझ्यापेक्षा चांगलं येणारे पुष्कळ लोक आहेत. पण अकरा वर्षांचं मूल नेमकं कुठे घसरतं आणि का घसरतं, हे वर्गात उभं राहिलेल्यालाच माहीत असतं. प्रत्येक शिक्षकाजवळ हे असतं. भाषेच्या शिक्षकाला माहीत असतं की मूल कुठला ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकवणार, विज्ञानाच्या शिक्षकाला माहीत असतं की वस्तुमान आणि वजन यांची गल्लत कुठे होणार. आपल्या विषयातली ही माहिती लिहून काढा. सुट्टीतलं काम मागायला जाताना पदवीच्या प्रमाणपत्राइतकीच ती उपयोगी पडते. मी आता नवीन ठिकाणी अर्जासोबत पाच नमुना प्रश्न पाठवते आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली, तो कुठल्या गैरसमजातून आला, ते एका ओळीत लिहिते.

वेगाचंही सांगते. सुरुवातीला उत्तर आणि स्पष्टीकरणासकट तासाला चार प्रश्न व्हायचे, म्हणजे २०० प्रश्नांना ५० तास. आता सात होतात. हे माहीत असल्याशिवाय दर ठरवू नका. प्रश्नागणिक मिळणारी रक्कम ऐकायला चांगली वाटते, पण तिला तासात बदलून पाहिलं की खरं चित्र दिसतं.

एकदा याच प्रकारच्या कामाचे पैसे एका ठिकाणी तीन महिने अडले. लेखी काहीच नव्हतं, सगळं फोनवर ठरलेलं. आता काम सुरू करण्याआधी चार गोष्टी ईमेलवर लिहून मागते: किती प्रश्न, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, पैसे कुठल्या तारखेला, आणि प्रश्नांचे हक्क कुणाकडे राहणार. हे मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. आपण शिक्षक, पैशांचं बोलायची सवय नसते. तरीही मागा. मिळालेल्या प्रत्येक रकमेची तारखेसकट नोंद ठेवा, करविवरण भरताना हे उत्पन्नही दाखवावं लागतं.

आता शिकवणीबद्दल, कारण बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तीच येते. आधी आपलं नेमणूकपत्र आणि सेवाशर्ती वाचा. कित्येक ठिकाणी शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला कायद्यानेच बंदी असते, काही ठिकाणी शाळेची लेखी परवानगी लागते. आणि परवानगी असली तरी स्वतःच्या वर्गातल्या मुलाला पैसे घेऊन शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याचे पेपर मी तपासणार त्याच्या घरून मी पैसे घेतले तर वर्गातल्या बाकीच्या मुलांनी माझ्याकडे कशा नजरेने बघावं?

करार संपून दुसरी शाळा मिळेपर्यंतच्या मधल्या काळात मी सुट्टीची शिकवणी केली. दुसऱ्या शाळांतली चार मुलं, आठवड्याला तीन बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं, सहा आठवडे. म्हणजे १८ बैठका, साडेतेरा तास. मी फी ठरवली ती या साडेतेरा तासांवर. नंतर वहीच्या मागच्या पानावर खरे तास मांडले: दर बैठकीची अर्ध्या तासाची तयारी, ते ९ तास; पालकांशी बोलणं आणि निरोपानिरोपी, ३ तास. एकूण साडेपंचवीस. दराचा मी केलेला अंदाज जवळजवळ निम्म्यावर आला. पुढच्या वेळी फी त्या हिशोबाने ठरवली आणि अर्धी आधी घेतली. एकाही पालकाने कुरकुर केली नाही.

या शिकवणीत नवीन वर्गाचे धडे पुढे पळवायचे नाहीत, मागचं पक्कं करायचं, हे मी पालकांना आधीच सांगते. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात ही नुसती आपली तक्रार नाही. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी सुमारे महिनाभराच्या शिक्षणाइतकी घसरण दिसली, आणि वाचनापेक्षा गणितात ती जास्त होती. पुढच्या अभ्यासांत हा आकडा सगळीकडे सारखा आलेला नाही. पण आकडेमोड न केल्याने हाताची सवय मोडते हे मी दरवर्षी शाळा उघडल्यावर पाहते. त्यामुळे पहिल्या बैठकीत वहीतल्या दहा चुकांवर दहा उदाहरणं देते. कुणाचं काय ढासळलंय ते वीस मिनिटांत कळतं.

या शिकवण्यांच्या एका वर्षी मी फार हाव धरली. रोज सहा तास बोलत होते, दोन महिने. शाळा उघडली त्या दिवशी हजेरी घेताना आवाज फुटेना. डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज आल्याचं सांगितलं आणि आठवडाभर मौन पाळायला लावलं. शिक्षकांमध्ये आवाजाचे विकार इतर व्यवसायांपेक्षा जास्त आढळतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वर्षभर ज्या अवयवावर आपलं पोट चालतं त्याला सुट्टीतही सुट्टी नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून सुट्टीचे पहिले दोन आठवडे बोलण्याचं कुठलंही काम घेत नाही. लिहायचंच काम घेते, तेही सकाळी तीन तास.

न बोलता करण्यासारखं आणखी बरंच आहे. माझी एक मैत्रीण इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अनेक देशांतल्या शाळांत चालणाऱ्या अभ्यासक्रमाच्या उत्तरपत्रिका तपासते. त्यांच्या परीक्षा मे आणि नोव्हेंबरमध्ये होतात आणि तपासणी पडद्यावर असते. ती सांगते की मधूनच आधी गुण ठरवलेल्या उत्तरपत्रिका येतात, कुठल्या ते कळत नाही, आणि आपले गुण त्यांच्याशी जुळले नाहीत तर काम थांबवतात. शिस्त कडक आहे, पण तिचा स्वतःच्या वर्गातला तपासणीचा हात त्यामुळे सुधारला, असं तिचं म्हणणं. भाषेच्या शिक्षकांना मुद्रितशोधन आणि अनुवाद जमतो. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात.

स्वतःचे स्वाध्याय विकण्याचाही मार्ग आहे. न्यू यॉर्कमधल्या पॉल एडेलमन या शिक्षकाने २००६मध्ये ‘टीचर्स पे टीचर्स’ सुरू केलं, शिक्षकांनी शिक्षकांना साहित्य विकायची इंटरनेटवरची जागा म्हणून. मी तिथे काही ठेवलेलं नाही, पण दुसऱ्या एका ठिकाणी अपूर्णांकांचा संच ठेवला. ठेवताना दोन गोष्टी तपासाव्या लागल्या. शाळेच्या नोकरीचा भाग म्हणून केलेल्या साहित्याचा हक्क बऱ्याच देशांत मालकाकडे, म्हणजे शाळेकडे जातो. म्हणून मी तो संच सुट्टीत, घरच्या संगणकावर, कोऱ्या पानापासून केला. आणि क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे काही अटींवर इतरांना वापरायला खुली ठेवलेली चित्रं वापरताना परवान्यात ‘अव्यावसायिक’ लिहिलेलं असेल तर ती विकायच्या वस्तूत चालत नाहीत. माझ्या संचातली तीन चित्रं त्यामुळे वगळावी लागली. त्यांच्या जागी मी साध्या रेघांनी स्वतः चित्रं काढली.

मला सगळ्यांत आवडलेलं काम मात्र मोठ्यांना शिकवण्याचं. ४६ वर्षांचे एक गृहस्थ आले होते. मुलगी सहावीत जाणार, तिला अपूर्णांक समजावून सांगता यावेत एवढीच त्यांची इच्छा. स्वतःची शाळा आठवीत सुटलेली. मी त्यांना १/२ अधिक १/३ ची बेरीज दिली, त्यांनी २/५ लिहिलं. मी नेहमीसारखं छेद समान करायला सांगू लागले, तर ते म्हणाले, “मॅडम, पण बघा ना. आमचा संघ दोन सामन्यांतला एक जिंकला. मग तीनातला एक जिंकला. एकूण पाचातले दोन जिंकला. मग २/५ चूक कसं?”

इतकी वर्षं ही चूक वहीत लिहीत होते, पण तिच्यामागचा इतका सरळ विचार मला कुणी सांगितला नव्हता. मी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, “तुमचं गणित बरोबर आहे, पण ही बेरीज नाही. अर्धा दोन सामन्यांचा आहे, तिसरा हिस्सा तीन सामन्यांचा. दोन वेगळ्या ढिगांचे भाग. बेरीज करायची तर दोन्ही भाग एकाच ढिगाचे हवेत.” मग सहा ठोकळे मांडले. त्यांचा अर्धा तीन, तिसरा हिस्सा दोन, मिळून सहापैकी पाच. ते बराच वेळ ठोकळ्यांकडे बघत बसले. शाळा उघडल्यावर मी हाच सामन्यांचा प्रश्न माझ्या वर्गाला दिला आणि पूर्ण तासिका त्यावर गेली.

मोठी माणसं शोधायची असतील तर विचारणा करताना विषयाचं नाव न सांगता काम सांगा. ‘गणित शिकवते’ म्हटल्यावर कुणी येत नाही. ‘कर्जाच्या हप्त्यातलं व्याज कसं मोजतात ते दाखवते’, ‘मुलांचा सहावीचा अभ्यास पालकांना समजावते’ म्हटल्यावर येतात.

यंदाच्या सुट्टीत आतापर्यंत १२० प्रश्न झालेत आणि दोन पालक आठवड्यातून दोनदा येतात. काल बारा जणांच्या पालकवर्गाची विचारणा आली, शाळा उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत चालणारा. नाही म्हणून कळवलं. शेवटचे दहा दिवस कॅलेंडरवर मी मे महिन्याच्या सुरुवातीलाच रेघ मारून मोकळे ठेवले आहेत, आणि तोपर्यंत वहीतली जुनी पानं नव्या वहीत उतरवून काढायची आहेत. जुनीची शिवण उसवली आहे.