उदाहरणातला एक आकडा

केस ऐकायला अगदी साधी होती. मोटरचं व्हायब्रेशन मोजणारा छोटा लिनक्स बोर्ड, त्यावर आयटूसीला (चिपा जोडायच्या दोन तारांच्या बसला) लावलेला तीन अक्षांचा ॲक्सिलरोमीटर, सेकंदाला १६०० सॅम्पल. मधेच कधीतरी ग्राफ सपाट होतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) चकार शब्द नाही, प्रोसेस जिवंत, मेमरी ठीक, नुसते सॅम्पल येणं बंद. रीबूट केलं की परत सगळं मस्त.

सपोर्टवाल्यांनी तोवर आपला इलाज शोधून ठेवला होता. क्रॉनमध्ये एक स्क्रिप्ट, ती दर तासाला बघते की डेटा येतोय का, नसेल तर ड्रायव्हर अनबाइंड करून परत बाइंड करते, म्हणजे सेन्सरपासून तोडून परत जोडते. चालायचं ते, आणि हाच त्रास, कारण असला जुगाड चालला की मूळ बग कुणाच्याच लिस्टमध्ये राहत नाही. ड्रायव्हर मेनलाइन कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत कर्नलमधला, त्यातही सेन्सर सांभाळणाऱ्या आयआयओ सबसिस्टिममधला. त्यामुळे ऑफिसात दोन पार्ट्या, एक म्हणते मेनलाइनमध्ये आहे म्हणजे नीटच असणार, दुसरी म्हणते मेनलाइनमध्ये आहे पण हा सेन्सर वापरतंय कोण, कुणी बघितलंच नसणार.

तर त्या दिवशी सकाळी बोर्ड आमच्या डोळ्यासमोर टेबलावरच अडकला. हे म्हणजे नशीबच, कारण असले बग कस्टमरकडे रोज दिसतात आणि आपल्या टेबलावर आले की शहाण्यासारखे वागतात. टीममधली ज्युनियर लगेच कीबोर्डवर, आणि तिने आयटूसीडंप (चिपची रजिस्टर, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या मेमरीच्या जागा, वाचून दाखवणारी कमांड) टाइप करायला घेतलं.

"अगं थांब थांब, एंटर मारू नकोस!"

"का? रजिस्टर बघायला नकोत का?"

बघायची होतीच, पण सगळी नाही. आयटूसीडंप पहिल्या रजिस्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचत जातो, आणि त्यात फिफोचं (सेन्सरमधल्या सॅम्पलच्या रांगेचं) डेटा रजिस्टरही येतं, ते वाचलं की सॅम्पल बाहेर पडतात. म्हणजे बघायला गेलो आणि पुरावाच पुसला. स्टेटस रजिस्टरचंही बऱ्याच सेन्सरमध्ये तसंच असतं, वाचलं की क्लिअर. अशा वेळी सिस्टिम आपोआप परत चालू होते आणि सगळे म्हणतात अरे झालं की बरं, आणि पुढचा अख्खा आठवडा परत वाट बघत बसायचं.

म्हणून आधी सेन्सरला हात न लावता बघितलं. प्रॉकमधली इंटरप्ट्सची (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकांच्या मोजणीची) फाइल दोनदा कॅट केली, आमच्या सेन्सरच्या लाइनचा आकडा जागचा हलत नव्हता. मग डीबग एफएसमधली जीपीआयओची (प्रोसेसरच्या पिनांची) फाइल, तिथे तीच लाइन इन, हाय, म्हणजे इनपुट आणि वर. मग फक्त फिफोची पातळी सांगणारं एकच रजिस्टर वाचलं (ड्रायव्हर बाइंड आहे म्हणून आयटूसीगेटला फोर्सचा फ्लॅग द्यावा लागतो), फिफो काठोकाठ भरलेला. म्हणजे सेन्सर इंटरप्टची पिन वर करून ओरडतोय आणि प्रोसेसर ऐकतच नाहीये.

लाइन वर आहे आणि तरी इंटरप्ट येत नाही, हे ऐकल्यावर या धंद्यात कुणाच्याही डोक्यात पहिला प्रश्न एकच येतो, ट्रिगर एज आहे की लेव्हल? एज म्हणजे लाइन खालून वर जाते तो क्षण पकडायचा. लेव्हल म्हणजे लाइन वर आहे तोवर इंटरप्ट आहेच. प्रॉकच्या त्याच ओळीत शेवटी एज असं लिहिलेलं होतं, फक्त आकडा बघायच्या नादात कुणाची नजर तिथे जात नाही.

मग सेन्सरची डेटाशीट. त्यात इंटरप्टच्या प्रकरणात टेबलाखाली एक वाक्य आहे, की फिफोतली संख्या वॉटरमार्कपेक्षा (इंटरप्टसाठी ठरवलेल्या पातळीपेक्षा) कमी होईपर्यंत पिन वर राहते. एवढंच. आणि त्याच पानावर शेजारी जे टायमिंगचं चित्र आहे त्यात पिन सुंदरपैकी वर जाते, थोडी थांबते आणि खाली येते. चित्र बघणाऱ्याला वाटणार हा पल्स आहे. वाक्य वाचणाऱ्याला कळणार की ही लेव्हल आहे. आता सांगा किती लोक वाक्य वाचतात.

पण एवढ्याने काम होत नाही, कारण एज ट्रिगर असूनही हे सगळं बहुतेक वेळ चालतच होतं ना. मग नेमकं कधी अडकतं? इथे मी कागद घेऊन बसलो, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या दिवसातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

आयटूसीवर एक बाइट म्हणजे ९ क्लॉक, आठ बिट आणि एक ॲक (मिळाल्याची पोच). बस १०० किलोहर्ट्झची, म्हणजे बाइटला ९० मायक्रोसेकंद. एका सॅम्पलचे ६ बाइट, म्हणजे ५४० मायक्रोसेकंद, ॲड्रेस वगैरेचा वरखर्च सोडून. आणि १६०० हर्ट्झला नवीन सॅम्पल येतं दर ६२५ मायक्रोसेकंदाला. म्हणजे आपण फिफो उपसतोय त्याच्या जवळपास तेवढ्याच वेगाने तो भरतोय! वॉटरमार्क ३२ चा. ३२ सॅम्पल वाचायला १७ मिलिसेकंदांच्या वर जातात, तेवढ्यात २७ नवीन येऊन बसलेले असतात. पातळी ३२ च्या खाली जाते खरी, पण फार मोठ्या फरकाने नाही.

आता समजा ड्रायव्हरने पातळी विचारली, सेन्सर म्हणाला ३६, आणि ते ३६ वाचायला सुरुवात करायच्या आधी बस दुसऱ्याच कुणीतरी ५ मिलिसेकंद धरून ठेवली. तेवढ्यात ८ वाढले, झाले ४४. मग ड्रायव्हर इमानदारीत ३६ वाचतो, त्याला १९ मिलिसेकंदांच्या वर लागतात, तेवढ्यात ३१ नवीन. शेवटी फिफोत उरले ३९. पातळी ४४ वरून ३९ वर आली पण ३२ च्या खाली एकदाही गेली नाही, म्हणजे पिन खाली आलीच नाही, म्हणजे परत वर जायचा प्रश्नच नाही, म्हणजे एज नाही, म्हणजे इंटरप्ट नाही, आणि एकदा इंटरप्ट नाही म्हटल्यावर कुणी वाचणार नाही आणि कुणी वाचलं नाही तर पिन खाली येणार नाही. कायमचं कुलूप.

आणि ४०० किलोहर्ट्झच्या बसवर हेच सॅम्पल १३५ मायक्रोसेकंदात निघतं, तिथे फिफो झटक्यात रिकामा होतो आणि हा बग जवळजवळ दिसणारच नाही. ज्याने ड्रायव्हर लिहिला त्याचा बोर्ड तसाच असणार. आमच्या बोर्डवर त्याच बसवर बॅटरीचा फ्युएल गेज (चार्ज मोजणारी चिप) होता, त्याला जास्त वेग झेपत नाही म्हणून हार्डवेअरवाल्यांनी डिव्हाइस ट्रीत (बोर्डवर काय कसं जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) क्लॉक १०० ठेवलेला. शिवाय हा गेज क्लॉक स्ट्रेच करतो, म्हणजे उत्तर तयार नसलं की क्लॉकची लाइन खाली दाबून धरतो आणि तोवर सगळ्या बसला थांबावं लागतं. ५ मिलिसेकंद कोण खाणार याचं उत्तर इथेच मिळालं.

कागदावरचं कुणी मानत नाही (आणि मानूही नये), म्हणून लॉजिक ॲनालायझर लावला. एससीएल (क्लॉक), एसडीए (डेटा) आणि इंटरप्टची पिन. ट्रिगर असा ठेवला की पिन ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वर राहिली तरच पकड. ड्रायव्हर रीबाइंड केला, गेजचं पोलिंग मुद्दाम वाढवलं आणि बसलो बघत. चांगल्या वेळचा ट्रेस आधी बघितला तर तोही मजेशीर, एक सॅम्पल बाहेर गेलं की पातळी ३१, नवीन आलं की परत ३२, त्यामुळे वाचायला सुरुवात झाल्यावर पिनचं काही वेळ नुसतं तळ्यात-मळ्यात चाललेलं, मग हळूहळू स्थिर खाली. दुपारी ट्रिगर लागला. ट्रेसमध्ये स्पष्ट दिसतंय, पिन वर गेली, पातळीचं रजिस्टर वाचलं, लगेच गेजच्या ॲड्रेसवर ट्रान्झॅक्शन, एससीएल लांबलचक खाली दाबलेली, मग आपलं फिफोचं वाचन, आणि त्या सगळ्यात पिनची रेघ वरच्या वर सरळ. वाचन संपलं तरी वरच. ज्युनियर म्हणाली, "हे तर तुझ्या कागदासारखंच निघालं." तिच्या आवाजात थोडी निराशा होती, तिचा संशय सकाळपासून कर्नलच्या इंटरप्ट कोडवर होता, आणि तो बग सापडला असता तर सांगायला जास्त भारी वाटलं असतं हेही खरं.

मग ड्रायव्हर उघडला. आणि ड्रायव्हर या बाबतीत स्वच्छ होता. थ्रेडेड इंटरप्ट (ज्याचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये होतं) घेताना त्याने फक्त वनशॉटचा फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत ती लाइन बंद ठेवा असं सांगणारा) दिलेला, एज की लेव्हल हे काहीच सांगितलेलं नव्हतं, म्हणजे जे डिव्हाइस ट्रीत असेल ते. हेच बरोबर आहे. मग आमच्या डिव्हाइस ट्रीत एज कुठून आलं? बोर्ड पहिल्यांदा चालू करणाऱ्या टीमने ते बाइंडिंगच्या डॉक्युमेंटमधून उचललं. कर्नलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये डिव्हाइस ट्रीची बाइंडिंग्ज असतात, म्हणजे कुठलं हार्डवेअर डिव्हाइस ट्रीत कसं लिहायचं याचे नियम, प्रत्येकाच्या शेवटी एक उदाहरण, आणि त्या उदाहरणात लिहिलेलं होतं, एज रायझिंग.

गिट लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या इतिहासात, मागे गेलो. ही फाइल आधी साधी टेक्स्ट होती, तिच्यात इंटरप्टच्या ओळीत नुसते दोन आकडे, १२ आणि १. त्यातला १ म्हणजे एज रायझिंग, ४ म्हणजे लेव्हल हाय, पण हे डोक्यात ठेवून कोण वाचतं. नंतर कुणीतरी ती यामल स्कीमात (टूलला तपासता येईल अशा रूपात) आणली आणि १ च्या जागी त्याचं नाव घातलं. कन्व्हर्जनच्या पॅचमध्ये अर्थ बदलायचा नसतो, त्यामुळे त्या माणसाचं काही चुकलं नाही. उलट त्याने नाव लिहिलं म्हणून आम्हाला ते चटकन दिसलं तरी. आणि बाइंडिंग तपासणारं टूल ते उदाहरण खरोखर कंपाइल करतं, स्कीमाशी ताडून बघतं, पण त्याच्या दृष्टीने १ पण बरोबर आणि ४ पण बरोबर. त्याला काय माहीत या सेन्सरची पिन कशी वागते.

मग ग्रेप मारला, म्हणजे सगळ्या फाइलींत शोधलं. कर्नलच्या झाडात हा सेन्सर वापरणारे बरेच बोर्ड, आणि जवळजवळ सगळ्यांत तीच ओळ. एकात तर उदाहरणातली इंट १ (सेन्सरची पहिली इंटरप्ट पिन) ची कॉमेंटसुद्धा जशीच्या तशी, पिन मात्र इंट २ ला जोडलेली. सी कोडची प्रत्येक ओळ रिव्ह्यूत किस काढून तपासली जाते, आणि ज्या तुकड्याची कॉपी सगळं जग करतं तो "अरे उदाहरणच आहे" म्हणून सुटतो. माझ्या मते ड्रायव्हरमधला सगळ्यात जास्त चालणारा कोड हाच असतो, फक्त तो डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो.

आमच्या बोर्डवर १ चा ४ केला, गेजला तसंच बडवत ठेवलं, आणि बोर्ड अडकायचा थांबला. लेव्हल असली की थ्रेड संपल्यावर लाइन अजून वर आहे म्हणून लगेच परत इंटरप्ट येतो आणि उपसा चालू राहतो.

डॉक्युमेंटचा पॅच पाठवला, एका ओळीचा बदल आणि त्यावर चांगली लांब कमिट मेसेज, वरचं सगळं गणित घालून. मेंटेनरचा (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचा) पहिला प्रश्न सरळ होता, ज्या बोर्डवर इंटरप्ट कंट्रोलरला लेव्हल जमतच नाही त्यांनी काय करायचं? काही जीपीआयओ कंट्रोलर खरंच फक्त एज ओळखतात. आणि दुसरा मुद्दा त्याहून वजनदार, जुने डिव्हाइस ट्री लोकांच्या बोर्डवर आधीच बसलेत, डिव्हाइस ट्री म्हणजे एबीआय, मोडायचा नाही असा करार, उदाहरण बदललं म्हणून ते बदलणार नाहीत. बरोबरच होतं. त्यामुळे ड्रायव्हरमध्येही पॅच लागला, वाचून झाल्यावर पातळी परत विचारायची आणि वॉटरमार्कच्या खाली जाईपर्यंत वाचत राहायचं. एकदा खाली गेली की पिन पडतेच, मग पुढची एज येणारच, तो क्षण थ्रेड चालू असताना आला तरी कर्नल तो लक्षात ठेवतो.

गंमत अशी की ड्रायव्हरचा पॅच पटकन गेला. फिक्सेस टॅग (कुठल्या जुन्या बदलातली चूक सुधारली हे सांगणारी ओळ) लावलेला असल्यामुळे स्टेबल शाखांतही, म्हणजे आधी निघालेल्या कर्नलांच्या दुरुस्त्यांतही, उतरला. अडला तो डॉक्युमेंटचा. मी इंटरप्टच्या वर्णनात लिहिलं होतं की ड्रायव्हरला लेव्हल हवी, त्यावर उत्तर आलं की बाइंडिंग हार्डवेअरचं वर्णन करतं, ड्रायव्हरला काय हवं ते इथे नको. मग वाक्य असं केलं की फिफो वॉटरमार्कच्या खाली जाईपर्यंत पिन ॲक्टिव्ह राहते. डेटाशीटमधलं तेच वाक्य, फक्त आता चित्राशिवाय.

बाकीच्या बोर्डांचं विचाराल तर जे आमच्याकडे टेबलावर होते त्यांचे पॅच पाठवले. उरलेल्यांना हात लावला नाही, त्यांचा कंट्रोलर लेव्हल घेतो की नाही हे हार्डवेअर हातात नसताना ठरवायचं कसं, आणि ड्रायव्हर आता दोन्ही सांभाळतो. सपोर्टवाल्यांना क्रॉनची स्क्रिप्ट काढा म्हणून सांगितलंय. ते म्हणाले काढतो, पण आधी सगळ्या साइट नवीन कर्नलवर जाऊ देत.