आईचे गुडघे आणि आमचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघर आवरायची मला काही हौस नव्हती. फेब्रुवारीत आईच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलले आणि घरी सोडताना फिजिओवाल्या मॅडमनी बजावलं की खाली बसायचं नाही, मांडी नाही, उकिडवं तर अजिबात नाही, स्टुलावर चढणं विसरा. मी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं की आमच्या घरात सगळं एकतर जमिनीवर आहे नाहीतर माळ्यावर, मधे काहीच नाही.

जमिनीवर का, तर पाणी. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, उजनी धरण भरलं तरी नळाला काय रोज पाणी नाही, त्यामुळे दोन पिंपं, चार हंडे, कळश्या, तांब्याची घागर ही सगळी फौज ओट्याखाली आणि दाराशी. शिवाय ज्वारीची पत्र्याची कोठी, भाकरीची काटवट, लोखंडी खलबत्ता. व्हिडिओ बघितले तर सगळीकडे काचेच्या बरण्या आणि छान छान लेबलं, त्या बायकांना चार दिवसांचं पाणी साठवायला लागत नसणार हे नक्की.

मग मी माझंच एक केलं. आईला वॉकरसकट भिंतीशी उभं केलं आणि कमरेला एक, खांद्याला एक अशा खडूनं खुणा केल्या, लहानपणी ती आमची उंची मोजायची तशा. रोज लागतं ते सगळं या दोन रेघांच्या मधे आलं पाहिजे, बाकीचं गेलं तरी चालेल. आई म्हणाली, "घर रंगवून दोन वर्षं नाही झाली की रे."

एका शनिवारी रात्री सगळं बाहेर काढलं. हॉलमधे चालायला जागा नाही, पिंपांवर डबे, डब्यांवर पराती, आणि पहाटे साडेचारला पाणी आलं! एक दिवस आधीच. पिंपं रिकामी करेपर्यंत अर्धं पाणी वाहून गेलं, मी कढयांमधे सुद्धा पाणी भरलं, आई पलंगावरून नुसती "अरे मोटर लाव, मोटर लाव" ओरडत होती आणि मोटरचं बटण परातींच्या ढिगामागे. तर पहिली गोष्ट, आवरायला काढायचं ते पाणी येऊन गेल्यावर, आधी नाही.

मला वाटलं होतं आईची पितळी भांडीच अडगळ असणार. नव्हती. ती मोजून अकरा निघाली आणि त्यातली सात वापरातली. खरी अडगळ म्हणजे संक्रांतीचं वाण. चहाच्या गाळण्या 9, प्लास्टिकच्या चाळण्या 6, झाकण नसलेल्या डब्या किती ते मोजलंच नाही, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे वेगळेच. "वास्तुशांत 1991" कोरलेल्या स्टीलच्या वाट्या होत्या, कुणाची वास्तुशांत ते आईलाही आठवेना, पण "नाव घातलेलं भांडं भंगारात टाकालास का काय?" म्हणून त्या परत आत गेल्या. मी वाद घातला नाही. प्लास्टिक दोन पोती भरून गेलं तेवढ्यात माझं समाधान.

घोळ झाला तो चिकटपणा काढताना. डब्यांवर फोडणीच्या तेलाचा पिवळा थर होता, त्याला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा भारी काम करतो, स्टीलचे डबे लख्ख निघाले, म्हणून उत्साहात ॲल्युमिनियमची पातेली पण त्यातच बुडवली. काळीठिक्कर. सोडा ॲल्युमिनियमला खातो हे शाळेत शिकलो असणार, पण तिथं कुठं पातेली होती. आई हसली आणि म्हणाली चिंचेचं पाणी कर, त्यात उकळ. तीनपैकी दोन बऱ्यापैकी सुधारली, एकात आता मोगरा लावलाय.

ज्वारीच्या कोठीवर मात्र बराच वेळ गेला. आमच्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी वर्षाची भरतात, एप्रिलमधे गच्चीवर दोन उन्हं दाखवायची, सोलापूरचं ऊन म्हणजे किड्याची काय बिशाद, आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. कोठी हलवणं शक्य नव्हतं आणि त्यात वाकणं आईला शक्य नव्हतं. शेवटी कोठी तिथंच ठेवली, दर रविवारी मी त्यातली पाच किलो काढून रेघेमधल्या डब्यात भरतो, दळणाला तोच डबा जातो. तसंच तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे. शेंगदाणे तर थोडेच काढायचे, मेमधल्या उकाड्यात भाजून ठेवलेले पटकन खवट होतात. माळ्यावर आता दिवाळीची सोऱ्या-चकलीची भांडी आणि त्या 1991 च्या वाट्या, एवढंच.

काटवट ओट्यावर घेतली तर ती सरकायची, म्हणून खाली ओलं फडकं. पहिले आठ दिवस आई उभ्यानं थापलेली भाकरी बघून तोंड वाकडं करायची, तिच्या मते उभ्यानं हाताला जोर लागत नाही. आता थापते. पातळ येत नाही म्हणते, मला तर फरक कळत नाही, पण तसं बोलायची सोय नाही.

राहिला खलबत्ता. शेंगाची चटणी मिक्सरमधे करायची हा विषय आमच्या घरात काढायचाच नाही, त्यातून तेल सुटत नाही, भुकटी होते, हे मलाही मान्य आहे. ओट्यावर कुटायला घेतला तर ओट्याचा दगड तडकेल. म्हणून सध्या तो हॉलमधे, सागवानी चौरंगावर दुमडलेली जुनी सोलापुरी चादर आणि त्यावर खलबत्ता, समोर आई उंच खुर्चीत, टीव्ही चालू. काल खालच्या मजल्यावरच्या काकू आवाजाची तक्रार करायला वर आल्या आणि जाताना वाटीभर चटणी घेऊन गेल्या.