आयरिश पूर्वज शोधताना आधी गाव गाठा

अमेरिकेतल्या वंशावळीत एखादा मर्फी दिसला की लोक लगेच आयर्लंडच्या नोंदी उघडतात. तिथे पॅट्रिक मर्फी ढिगाने निघतात आणि शोध तिथेच अडतो. नुसत्या आडनावावर तर विसंबूच नका. ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळतात, पुन्हा लागतात, शिवाय कॅव्हन जिल्ह्यातले कित्येक स्मिथ मुळात मॅकगोवन.

पॅरिश, म्हणजे एका चर्चचा इलाखा, आणि जमलं तर टाउनलँड, म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढा मुलूख, कळल्याशिवाय समुद्र ओलांडू नये. हे नाव बहुतेक वेळा अमेरिकेतच सापडतं. १९००च्या जनगणनेत देशात आल्याचं वर्ष मिळतं, पण जन्मस्थान फक्त ‘आयर्लंड’. नागरिकत्वाच्या अर्जात जन्मगाव असण्याची शक्यता सप्टेंबर १९०६नंतर खूप वाढते, त्याआधीचे कागद बहुतेक मुके. मग चर्चमधली लग्ननोंद, थडग्यावरचा मजकूर, मृत्युलेख चाळायचे. आपल्या माणसाचे कागद गप्प असतील तर त्याच्या भावंडांचे, लग्नातल्या साक्षीदारांचे आणि मुलांच्या बाप्तिस्म्यातल्या धर्ममातापित्यांचे काढा; एका गावचे लोक परदेशातही एकमेकांना धरून राहत. बॉस्टनच्या ‘द पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. त्यांत कित्येकदा काउंटी (जिल्हा) आणि पॅरिश दोन्ही असतात.

‘१९२२च्या आगीत सगळं जळालं’ हे अर्धसत्य आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्यात १८२१ ते १८५१च्या जनगणना जवळजवळ संपल्या, चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चची बरीच रजिस्टरंही गेली. कॅथलिक रजिस्टरं मात्र आपापल्या पॅरिशमध्ये होती म्हणून वाचली. त्यांच्या साधारण १८८०पर्यंतच्या प्रती आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये, तेव्हा जेम्स ‘याकोबुस’ म्हणून शोधावा लागतो.

सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४पासून. १९०१ आणि १९११च्या जनगणना पूर्ण आणि मोफत आहेत, पण १९११मधल्या म्हाताऱ्यांच्या वयावर भरवसा नको: १९०९पासून सत्तरीला पेन्शन लागू झालं आणि कित्येकांचं वय दहा वर्षांत पंधराने वाढलं! ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे करासाठी केलेल्या घर-जमिनीच्या मोजदादीत (१८४७–६४), घर किंवा जमीन, भाड्याने का होईना, ताब्यात असलेलेच भेटतात. कुटुंब १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात आधीच निघून गेलं असेल तर १८२३–३७च्या टाइद वह्या, म्हणजे चर्चला द्यायच्या शेतकराच्या नोंदी, पाहा.

डीएनए चाचणीतल्या ‘आयरिश’ टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका. खापरपणज्याचा वाटा सरासरी सहा टक्केच असतो, आणि स्कॉटिश आणि आयरिश एकमेकांपासून वेगळं काढणं अवघड. जुळलेल्या दूरच्या भावंडांची यादी जास्त कामाची. त्यांच्या वंशावळींत एकच पॅरिश वारंवार येतं का, ते तपासा.