फेणीच्या बाटलीतून आलेला तुकडा

एप्रिल संपत आला होता, काजूचा हंगाम ऐन भरात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून बाप-लेक इस्पितळात आले. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक छोटी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकण उघडलं आणि मायनर ओटीभर, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीभर, फेणीचा वास पसरला. तळाशी करडे पडलेले तीन तुकडे होते, सगळ्यात मोठा शेंगदाण्याएवढा.

"सिस्टर, बाबांच्या तळपायाचं कुरूप कापलं. तपासून घ्या म्हणाले. कशात ठेवायचं ते कोणी सांगितलंच नाही. घरात ही होती."

चार दिवस ते तुकडे फेणीत होते. दोष मुलाचा नव्हता. तुकडा कापणाऱ्यानेच तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावात, टाकून द्यायचा असतो, तेही तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन आणि रुंद तोंडाची बाटली. नाव, नंबर, जागा, डावं की उजवं हे सगळं बाटलीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. फेणीत मद्यार्क साधारण ४० ते ४५ टक्के. तेवढ्याने तुकडा बाहेरून आकसतो, कडक होतो, पण आतल्या पेशी कुजायच्या थांबत नाहीत. सलाइनमध्ये ठेवला असता तर हाल आणखी वाईट. तरी फेकायचं काही नसतं. आम्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घातले आणि फॉर्मवर स्पष्ट लिहिलं, "चार दिवस फेणीत". लपवलं असतं तर पॅथॉलॉजीवाले त्या आकसलेल्या पेशींचा भलताच अर्थ लावून बसले असते.

मग पाय पाहिला. माणूस साठीच्या आसपासचा. दर वर्षी फेणीसाठी काजूची बोंडं पायाने तुडवणारा, बिया सोलणारा. काजूच्या टरफलाचं तेल लागून हातपाय काळे होणं त्या घरात नवलाचं नाही, म्हणून टाचेपुढचा डाग दीड वर्ष वाढत राहिला तरी कोणी मनावर घेतलं नाही. टोचायला लागल्यावर कुरूप समजून बिब्ब्याचा चटका दिला, तोही काळा. शेवटी कुठल्याशा दवाखान्यात ब्लेडने तासून घेतलं, आणि ती जखम भरेना. डाग अडीच सेंटिमीटरचा. एका कडेला तपकिरी, मध्ये डांबरासारखा, दुसरीकडे राखाडी-निळा. कडा नकाशावरच्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी.

डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावला. तळव्याची कातडी नांगरलेल्या शेतासारखी असते, सरी आणि वरंबे. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत उतरतो. मेलानोमाचा, म्हणजे कातडीतल्या रंगाच्या पेशींच्या कर्करोगाचा, रंग वरंब्यावर चढतो. इथे वरंबेच काळे होते. बाहेरून लागलेला डागही वरंब्यावर दिसू शकतो, म्हणून वरचा मेलेला थर खरवडून पाहिला. काजूचा डाग असता तर निघाला असता. निघाला नाही.

गोव्यात त्वचेचा कर्करोग म्हटलं की लोकांना किनाऱ्यावर उन्हात पडलेले गोरे पर्यटक आठवतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलानोमा जास्त करून तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो आणि उन्हाशी त्याचा संबंध दिसत नाही. हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ज्याचं चित्र हमखास टांगलेलं असतं तो गायक बॉब मार्ली १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी गेला तो याच आजाराने. त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. चेहऱ्यावरचा न भरणारा मोत्यासारख्या कडेचा फोड किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणात उठलेली जखम, हे कर्करोग वेगळे. त्यांची कापाकापही वेगळी.

डाग लहान असता तर कडेने दोन मिलिमीटर सोडून अख्खाच काढला असता. एवढा मोठा असल्यावर ४ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या हत्याराने, दोन जागचे नमुने घ्यायचे ठरले, एक सगळ्यात जाड जागेचा, एक सगळ्यात काळ्या जागेचा. तळव्यात भुलीचं इंजेक्शन जितकं दुखतं तितकं फार कमी ठिकाणी दुखतं, हे आधीच सांगावं. नाहीतर रोगी पाय ओढतो आणि सुई वाकते. बारीक सुई, सावकाश, मग दहा मिनिटं थांबायचं. पंच एकाच दिशेने फिरवत नेतात, पिवळी चरबी दिसेपर्यंत. टाचेची मेलेली कातडी इतकी जाड असते की घाईत पंच तिथेच अडकतो आणि बाटलीत नुसती साल जाते. तुकडा चिमट्याने दाबून उचलायचा नाही, पेशी चेंगरतात. सुईच्या टोकाने उचलायचा. दोन जागा, दोन बाटल्या. टाके चौदा दिवस ठेवले, तळव्याला लवकर काढले तर उसवतात.

"बाय, सुरी लागली की पसरतो म्हणतात," म्हातारा म्हणाला. बायोप्सीने, म्हणजे तपासायला तुकडा काढल्याने, मेलानोमा पसरत नाही. पसरतो तो कुरूप समजून घालवलेल्या दीड वर्षात. पण हे त्याला त्या टेबलावर सांगण्यात काय हशील होतं? "नाही पसरत, काका," एवढंच सांगितलं.

नवव्या दिवशी दोन्ही रिपोर्ट आले. फेणीतल्या तुकड्याचा: मेलानोमा, खोली किमान १.१ मिलिमीटर, तळ कापलेला. पंचचा: खोली २.३. मुलगा घाबरला, "दहा दिवसांत दुप्पट?" तसं नव्हतं. विळ्याने वरचं गवत कापलं तर मूळ किती खोल गेलंय ते कळत नाही. ब्लेडने नुसता वरचा भाग आला होता, म्हणून तर रिपोर्टात "किमान" लिहिलं होतं.

या आजारात रिपोर्टवरचा तो मिलिमीटरचा आकडा पहिला वाचायचा. १ मिलिमीटरपर्यंत असेल तर डागाच्या भोवतीची १ सेंटिमीटर चांगली कातडी काढतात, २ च्या वर गेला की २ सेंटिमीटर. आता हिशेब करा. डाग अडीचचा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन, म्हणजे तळव्यात साडेसहा सेंटिमीटरचा खड्डा. टाके घालून तो मिटत नाही. मांडीची पातळ साल काढून तिथे लावावी लागते.

आधी स्कॅन झाला, तो साफ निघाला. ऑपरेशनच्या वेळी डागाभोवती निळं औषध टोचून जांघेतल्या पहिल्या गाठी शोधल्या, त्या दोन निघाल्या. पसरायचा तर आधी तिथे जातो. पुढचा एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते. हे घरच्यांना सांगायचं राहिलं तर रात्री वॉर्डात धावपळ ठरलेली. गाठीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या असत्या तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारं औषध, साधारण वर्षभर दर काही आठवड्यांनी सलाइनमधून. लोक ज्याला किमो म्हणतात ते हे नव्हे. केस सहसा जात नाहीत, पण थायरॉइड, आतडी, यकृत यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. याच्या दोन्ही गाठी साफ आल्या.

खरी लढाई त्या सालीची. पहिले पाच दिवस तिच्यावर घट्ट बांधलेली गादी असते. खाली रक्त साचलं किंवा साल सरकली तर ती मरते. म्हणून पाय उशीवर, खाली लोंबकळवायचाही नाही. तिसऱ्या रात्री काका कोणाला न उठवता संडासला गेले, टाच टेकवत. पाचव्या दिवशी गादी सोडली तर एका कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी साल काळी पडलेली. तेवढी जागा ड्रेसिंग करकरून भरायला महिना गेला. गंमत म्हणजे पायापेक्षा मांडी जास्त दुखते. तिथली पट्टी चिकटली तरी ओढायची नाही, दोन आठवड्यांत ती आपोआप सुटते.

आता दर तीन महिन्यांनी येतात. व्रणाभोवती नवे काळे ठिपके, जांघेत गाठ, दुसरा तळवा आणि वीसही नखं, एवढं आम्ही बघतो. लावलेल्या सालीला घाम येत नाही, ती फाटते, म्हणून रोज खोबरेल आणि आत मऊ तळ असलेली चप्पल. जानेवारीत आले तेव्हा मी बजावलं, या हंगामात बोंडं तुडवायची नाहीत, फारच तर गमबूट घालून.

"बुटांनी तुडवलेली फेणी पिणार कोण, बाय?" म्हणाले, आणि मुलाने न बोलता फाइल पिशवीत घातली.