भेट देताना एवढं बघाच

आज भाचीचा पहिला वाढदिवस झाला. पाहुणे गेल्यावर ताई आणि मी भेटी उघडायला बसलो. चार वर्षांच्या मुलीला होतील असे फ्रॉक, मोठ्या मुलांचे बारीक बारीक ठोकळे. ते ठीक, ठेवून देता येतं. पण एक दिवे लागणारा, गाणारा फोन होता. मागचं झाकण नुसत्या नखाने उघडलं, स्क्रूच नाही! आत रुपयाएवढा चपटा लिथियम सेल.

भाची सध्या दिसेल ते तोंडात घालते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेमुळे त्यातून करंट वाहतो आणि 2 तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. बाहेरून मूल फक्त किरकिर करताना, लाळ गाळताना दिसतं.

1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. या खोक्यावर तो कुठेच नव्हता.

देणाऱ्याच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण आधी एक फोन करून "काय आणू गं?" विचारावं ना! शेजारच्या काकूंनी विचारलं आणि मऊ सुती झबली शिवून आणली. ताई केवढी खूश झाली!

घरात लहान मूल असेल तर खेळण्यांची झाकणं आजच तपासा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा, एक्स-रे काढायला सांगा.