वसतिगृहात नंबर लागला नाही? स्वाधारचा फॉर्म, कॉट आणि खानावळीचा हिशेब

समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही की पुण्यात पोरं लगेच कॉट, म्हणजे भाड्याच्या खोलीतली एका पलंगाची जागा, शोधायला निघतात. आधी एक बघा: वसतिगृहाचा अर्ज भरला होता का? स्वाधार ही वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना आहे. ‘नंबर लागणारच नाही, कशाला भरायचा’ म्हणून अर्ज सोडलेले पुढे इथेच अडकतात. मी हा फॉर्म स्वतः भरलाय, नंतर ज्युनिअर मुलांचेही भरून दिलेत. चुका त्याच त्याच होतात.

योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, अकरावीपासून पुढे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि कॉलेज ज्या गावात, तिथले रहिवासी तुम्ही नसावेत. म्हणून सिमकार्डाच्या सोयीसाठी आधारवर पुण्याचा पत्ता टाकू नका, घरचाच राहू द्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, चालू मुदतीचा. जातीचा दाखला, बोनाफाईड, गेल्या वर्षाची गुणपत्रिका, स्थानिक रहिवासी नसल्याचं शपथपत्र, भाडेकरार. यातल्या भाडेकरारानं जीव जातो. कॉट बेसिसवर देणारे मालक कागद करून द्यायला का-कू करतात, म्हणून डिपॉझिट देण्याआधीच विचारायचं. एका खोलीत तिघं असाल तर करारात तिघांचीही नावं हवीत. एकाच्याच नावावरचा करार बाकी दोघांच्या उपयोगाचा नाही.

मग बँक. केवायसी (बँकेतली ओळख-पडताळणी) झालं म्हणजे आधार सीडिंग (सरकारी पैशांसाठी खातं आधारला जोडणं) झालं असं नाही. पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात, फॉर्मवर कुठलाही खातेनंबर लिहिला तरी आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतात. शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं मायनर खातं जोडलेलं असेल तर ते आधी बदलून घ्या. सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते आधारच्या साइटवर ओटीपी टाकून दिसतं.

आता रक्कम. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नवी मुंबई, ठाणे, नागपूर इथे वर्षाला ६०,०००: भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,०००, निर्वाह भत्ता ८,०००. शैक्षणिक साहित्याचे वेगळे, मेडिकल-इंजिनीअरिंगला ५,००० आणि इतरांना २,०००. आकडा मोठा दिसतो, पण दहा महिन्यांत वाटला की कॉटला महिना २,००० आणि जेवणाला ३,२०० उरतात.

त्या ३,२०० चं गणित खानावळवाल्यासमोर बसूनच करा. दोन वेळचं म्हणजे महिन्याची ६० जेवणं, असं तो सांगेल. पण पुण्यात बऱ्याच खानावळी रविवारी रात्री बंद असतात. म्हणजे ५६ जेवणं, आणि एका ताटाचे ५३ नाही, ५७ रुपये. रविवारी दुपारी फीस्ट असते म्हणून ते चालवून घ्यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरा प्रश्न खाड्याचा, म्हणजे न जेवलेले दिवस हिशेबातून वजा होण्याचा. कणीक आणि भाजी माणसं मोजून होते, त्यामुळे ऐनवेळी ‘आज येत नाही’ म्हटलेलं धरत नाहीत. आदल्या रात्री सांगावं लागतं, आणि सलग किती दिवसांपासून खाडा धरणार हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. परीक्षा संपून घरी जाणार असाल तर हे पैसे भरायच्या आधी विचारा. रोख परत कुणी देत नाही, कार्डाची (महिन्याच्या जेवणाच्या पासाची) तारीख पुढे ढकलतात. सत्राच्या शेवटच्या महिन्यात तारीख पुढे गेली तर ती जेवणं बुडालीच, म्हणून त्या महिन्यात पूर्ण कार्ड न घेता पंधरा दिवसांचं घ्यावं.

पैसे हप्त्यानं येतात आणि उशिरा येतात. पहिले तीन-चार महिने खिशातून जाणार हे धरूनच चाला. पुढच्या हप्त्याला हजेरीचा दाखला लागतो, ७५ टक्क्यांच्या खाली गेलात तर अडतं. खाड्याच्या वहीतल्या आपल्या पानाचा मात्र दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वही खानावळवाल्याकडेच असते.