बी पोत्यात असतानाच

पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात पाणी किती आणि कोणत्या पिकाला किती लागेल हा हिशेब, मांडायला गावात कधी जायचं, यावर आमच्या टीममध्ये दरवर्षी वाद होतो. टंचाईत जा, लोक तेव्हा ऐकतात, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. एप्रिलात टँकरमागे धावणाऱ्याशी रब्बीचं काय बोलणार? पीक गेलेलं, शेजाऱ्यावर राग, आणि वाटून घ्यायला पाणीच नाही. परतीचा पाऊस थांबलाय आणि गहू-हरभऱ्याचं बी अजून पोत्यात आहे, तेवढेच दिवस खरे.

आष्टी तालुक्यातल्या एका गावात यंदा आम्ही ते दिवस साधले. सरपंच म्हणाले, "ग्रामसभाच लावू." मी म्हटलं, "अण्णा, आधी विहिरी मोजू." सभेत माणूस आपल्या गटासाठी बोलतो. विहिरीत डोकावताना गट आठवत नाही. अट एकच ठेवली, आपली विहीर आपण मोजायची नाही.

ओढ्याकडच्या वस्तीवरच्या मावशी कधीपासून सांगत होत्या, वरचं बोअर चाललं की माझी विहीर बसते. बोअरवाले तात्या ते मानत नसत. त्या दिवशी दोरी त्यांच्याच हातात आली. फुटाफुटावर गाठ, टोकाला दगड. सकाळी पाणी ३१ फुटांवर. मावशींनी आपली मोटर दिवसभर बंद ठेवली, वरचं बोअर चालू. दिवेलागणीला तात्यांनी पुन्हा दोरी सोडली. ३३. त्यांनी गाठी परत मोजल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "चहा घेऊन जा, तात्या."

रात्री मारुतीच्या पारावर खडूने हिशेब मांडला. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गव्हाला पाण्याच्या पाच-सहा पाळ्या, हरभऱ्याला दोन-तीन, ज्वारी ओलीवरही निघते. पुरंदरात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीबद्दलही सांगितलं. तिथे पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळायचं, भूमिहीनालाही हक्क होता, आणि उसाला पाणी नव्हतं. मागे उभा असलेला एक सालगडी पुढे येऊन बसला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तात्या म्हणाले, "मी गहू एकरभरच करतो. बाकी हरभरा." आम्ही सांगून हे झालं नसतं. त्यानंतर बायकाही बोलायला लागल्या, प्यायच्या पाण्याची विहीर आधी राखा म्हणाल्या, आणि ते सगळ्यांत वर लिहिलं गेलं.

ऊसवाले मात्र उठून गेले. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी त्यांच्या घरी तात्या जाणार आहेत, दोरी घेऊन.